वसुलीचा दिवस

महिन्याची पाच तारीख. केबलची वसुली.
बगलेत पावतीपुस्तक, कानामागे पेन,
आणि आदल्याच रात्री ‘ओटीभर वाळू’चं पहिलं पर्व संपलेलं.
कुणीतरी सांगायचं होतं मला,
आज वेंगुर्ल्यात हिंडू नकोस म्हणून.

दाभोसवाड्यातलं पहिलंच दार गिरपांचं.
“पैसे कसले मागतंस? आधी शेवट दी.”
मी काय देणार.
दोनशे सत्तर भाग ती मंजिरी पुळणीवर उभी,
दोनशे एकाहत्तराव्यात होडी आली,
होडीतून कुणीतरी उतरलं, गुडघाभर पाण्यात,
कॅमेरा पायांवर, मग पायांमागच्या फेसावर,
मग पाटी : पर्व दुसरे, लवकरच.
असं सगळे सांगतात.

बाजारात रतन कुबल सुरमईचे काप करता करता
सुरीचं टोक माझ्याकडे धरून म्हणाली,
“पाण्याची रेघ बघितलंस? ओहोटी ती.
आणि होडी येता सुरूच्या मुळांपर्यंत?
लिवणाऱ्याक एकदा माझ्या घोवावांगडा धाड.”
गिऱ्हाईक तिचं, पुण्याचं असावं,
म्हणालं, अहो, ते प्रतीक आहे.
तिने त्याला शेपटीकडचा तुकडा दिला.

तुळसकर मास्तरांचं परीक्षण तयार होतं,
शनिवारच्या साप्ताहिकासाठी, तीन रकाने.
पावती फाडेपर्यंत वाचून दाखवलं :
“हा शेवट नव्हे,
हे प्रेक्षकाच्या हाती दिलेलं वल्हं आहे.”
आतून बाई म्हणाल्या,
“काल मात्र दोनदा विचारलंत मला,
कोण गं तो, कोण गं तो.”
मास्तरांनी चष्मा पुसला.
सुट्टे नव्हते, पुढच्या वेळी देतो म्हणाले.

कासम शिंप्याकडे मंजिरीच्या बाह्यांची अकरा पोलकी
हँगरला लटकलेली.
सकाळपासून एकीनेही नेलं नाही.
“नवरा असता ना उतरलेला,
तर संध्याकाळपर्यंत वीस झाली असती,” तो म्हणाला,
आणि बारावं, अर्धं शिवलेलं,
मशीनखालून काढून बाजूला ठेवलं.

एसटी स्टँडच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहिलंय :
तो दीरच. पैज.
खाली दुसऱ्या हाताने : गप रे.

दुपारी ट्रॉलर लागला.
तीन रात्री बाहेर, दाढ्या मिठाने पांढऱ्या.
दोर फेकायच्या आधीच एकाने ओरडून विचारलं,
“उतरलो कोण?”
“दीर!” “घोव!” “कोण नाय!”
धक्क्यावरून एकदम तीन उत्तरं,
आणि दोर धरायला कुणीच नाही.
पाण्यात पडला.

मथुरा तांडेलीण शेवटच्या घरात राहते.
दारात बसून तिसऱ्या फोडत होती.
तिच्याकडे मी मालिकेचं काढणारच नव्हतो.
नऊ वर्षं झाली त्या वादळाला.
तिनेच काढलं.
“तोंड दाखवल्यानी नाय, तां बरां केल्यानी.”
एक शिंपला फुटेना, दगडावर ठेवून दिला.
“दाखवल्यार बघूचा लागता.”
मग पदराची गाठ सोडून
तीन महिन्यांचे आगाऊ मोजले,
भिजलेल्या नोटा, कालवांचा वास.
“दुसरा पर्व येयसर तुटूक नको हां.”

तुला कसा वाटला, दिवसभर विचारत होते सगळे.
मी मान हलवली, इकडेही, तिकडेही.
खरं तर मी पाहिलाच नाही.
खाऱ्या वाऱ्याने जोड खाल्ला होता,
शेवटचा अर्धा तास मी खांबावर होतो,
दातांत पक्कड, एका हाताने वायर दाबून.
खाली पूर्ण वाडी, खिडक्या एकाच निळ्या रंगाच्या,
एकाच वेळी काळ्या व्हायच्या, एकाच वेळी उजळायच्या.
मग जाहिरात लागली, साबणाची असावी,
सगळ्या खिडक्या गुलाबी.
आणि कुठल्याच घरात
कुणी उठून टीव्ही बंद करेना.
मीही हात काढला नाही,
मुंग्या आल्या तरी.